रँच ड्रेसिंग घरी करताना या चुका टाळा. पहिली चूक ताकाची

रेसिपीत 'बटरमिल्क' लिहिलेलं असतं, आपण मनात 'ताक' वाचतो आणि रँच, म्हणजे बटरमिल्क आणि मेयोनीजचं अमेरिकन सॅलड ड्रेसिंग, तिथेच बिघडतं. माझंही असंच झालं. टेक्ससमधली चार वर्षं संपवून आम्ही ठाण्याला परतलो, तेव्हा मुलांना पिझ्झ्याच्या कडा बुडवायला रँच हवं होतं. दुपारच्या जेवणातलं ताक उरलं होतं. त्यात मेयोनीज कालवलं, लसूण ठेचून घातली, मिरपूड टाकली. वाटीत जे तयार झालं त्याला सासूबाईंनी 'लसणाचा मठ्ठा' असं नाव दिलं. नाव अगदी बरोबर होतं.

अमेरिकेत दुकानात मिळणारं बटरमिल्क म्हणजे लोणी काढल्यावर उरणारं ताक नव्हे, आणि दह्यात पाणी घालून घुसळलेलं तर नव्हेच. कमी साईच्या दुधाला विरजण लावून ते करतात. त्यात वरून पाणी घातलेलं नसतं. पेल्यातून ओतलं की पेल्याला आतून पांढरा थर धरून राहतो, इतकं ते दाट असतं. त्याचं विरजणही आपल्या दह्यापेक्षा निराळं, थंड हवेत काम करणारं. त्यातून डायॲसिटिल नावाचा घटक तयार होतो आणि त्याला लोण्यासारखा वास येतो. आपल्याकडे विरजलेल्या सायीला येतो तोच हा वास. त्यामुळे घरी सायीचं लोणी काढत असाल आणि घुसळताना पाणी घातलं नसेल, तर खाली उरलेलं ताक रँचला दह्याच्या ताकापेक्षा कितीतरी जवळचं. फक्त गार पाणी ओतायच्या आधी ते वाटीभर काढून ठेवायचं.

तेही नसेल तर अदमुरं दही घ्या आणि पाण्याशिवाय रवीने नुसतं मोडा. दुधात लिंबू पिळून 'झटपट बटरमिल्क' करायची युक्ती सगळीकडे सांगतात. केकसाठी ती चालते, कारण तिथे आंबटपणाशीच काम असतं. रँचमध्ये मात्र पातळ दुधात फुटीचे कण तरंगताना दिसतात.

थोडा इतिहास सांगते, कारण पुढच्या चुका त्यातूनच कळतात. नेब्रास्काचा स्टीव्ह हेन्सन अलास्कात प्लंबिंगची कंत्राटं घ्यायचा, आणि तिथे कामगारांच्या जेवणासाठी त्याने हे ड्रेसिंग जुळवलं. १९५० च्या दशकात त्याने आणि त्याची पत्नी गेल हिने कॅलिफोर्नियात सांता बार्बराजवळ एक रँच, म्हणजे मोठा मळा, विकत घेऊन तिचं नाव 'हिडन व्हॅली' ठेवलं. तिथे येणाऱ्या पाहुण्यांना हे ड्रेसिंग इतकं आवडलं की दोघं कोरड्या मसाल्याच्या पुड्या टपालाने विकू लागले. पुडी घरी आली की त्यात बटरमिल्क आणि मेयोनीज आपण कालवायचं. क्लोरॉक्स कंपनीने १९७२ मध्ये हा ब्रँड ८० लाख डॉलरना घेतला. फ्रीजबाहेर टिकणारी बाटली आली ती १९८३ मध्ये. म्हणजे आधीची कितीतरी वर्षं लोक रँच घरीच कालवून खात होते. घरच्या रँचची तुलना बाटलीशी करून नाराज होऊ नका. बाटलीत घट्ट धरून ठेवणारे डिंक असतात. घरच्या रँचवर दुसऱ्या दिवशी थोडं पाणी सुटणारच. चमच्याने ढवळलं की झालं.

मेयोनीजची बाटली उलटी करून वाचा

ताकाखालोखाल घात करतं ते मेयोनीज. अमेरिकेच्या नियमानुसार मेयोनीज म्हणवून घ्यायला त्यात वजनाने किमान ६५ टक्के तेल आणि अंड्याचा बलक लागतो. आपल्याकडच्या बऱ्याच बिनअंड्याच्या मेयोनीजमध्ये तेल बरंच कमी असतं. दाटपणा स्टार्चचा, आणि साखर जिभेला कळेल इतकी. सँडविचमध्ये ते खपून जातं. रँचमध्ये ताकाचा आंबटपणा आणि ती साखर एकत्र आली की चव थेट लहान मुलांच्या पार्टीतल्या सॅलडची. घटकांच्या यादीत साखर तेलाच्या शेजारी येऊन बसली असेल तर दुसरी बाटली पाहा. तीच वापरणं भाग असेल तर प्रमाण निम्म्यावर आणा, उरलेली जागा चक्क्याने भरा आणि लिंबाचे चार थेंब जास्त पिळा.

चक्का ही आपली जमेची बाजू. मूळ कृतींमध्ये त्या जागी बऱ्याचदा सावर क्रीम असतं. पण श्रीखंडासारखं रात्रभर टांगू नका. तास-दीड तास पुरे, आणि तेही फ्रीजमध्ये चाळणीवर. मे महिन्यात ओट्यावर टांगलेलं दही चक्का होईपर्यंत इतकं आंबतं की पुढे काहीही केलं तरी सावरत नाही. खाली गळलेली निवळी फेकू नका. रँच फार दाट झालं तर सैल करायला तीच वापरायची, नळाचं पाणी नाही.

माझं प्रमाण असं: अर्धा कप मेयोनीज, अर्धा कप मऊ चक्का, पाव कप दाट ताक. त्यात अर्धा छोटा चमचा लसूण पूड, तेवढीच कांदा पूड, पाऊण छोटा चमचा वाळवलेला शेपू, पाव चमचा मिरपूड आणि एक छोटा चमचा लिंबाचा रस. मीठ शेवटी. मेयोनीजमध्ये ते आधीच असतं, त्यामुळे सुरुवातीलाच मोजून घातलं की हमखास जास्त होतं.

हे सगळं मिक्सरमध्ये फिरवू नका. दह्याची जी नाजूक जाळी पाणी धरून ठेवते ती पात्यांनी तुटते, आणि चक्का टांगायची मेहनत अर्ध्या मिनिटात वाया जाते. वाटी आणि काटा बास. पावसाळ्यात लसूण पुडीचे खडे होतात. ते आधी चमचाभर ताकात चुरडून घ्या, नाहीतर कोणाच्या तरी घासात एक खडा नेमका येतो.

लसूण, शेपू आणि कोथिंबिरीचा मोह

ताजी लसूण ठेचून घालावी असं आपल्याला वाटणारच. पण रँचची लसूण मागे राहून बोलते. कच्च्या लसणाचा झणका पाकळी ठेचल्यावर तयार होतो, आणि ड्रेसिंग मुरेल तसा तो सगळ्या वाटीत पसरतो. संध्याकाळी बेताची वाटलेली लसूण सकाळी डोक्यावर बसलेली असते. ताजीच हवी असेल तर एक छोटी पाकळी लिंबाच्या रसात बुडवून त्यातच किसा. आंबटामुळे झणका तयार करणारं एन्झाइम मंदावतं आणि लसूण सौम्य राहते. अशी लसूण कधीकधी निळसर-हिरवी पडते. घाबरू नका, ती खायला चालते.

शेपूचं नाव काढलं की आमचं अर्धं घर ताटावरून उठतं, पण शेपूशिवाय रँच नाही. आपला शेपू परदेशी डिलपेक्षा उग्र असतो, म्हणून तिकडच्या कृतीत एक चमचा ताजा डिल असेल तर आपला अर्धाच घ्यायचा. देठ अजिबात नको, फक्त वरचे कोवळे तुरे. धुतल्यावर फडक्यात दाबून पार कोरडा करा; ओल्या पाल्याबरोबर पुन्हा पाणीच आत येतं. चाइव्हजच्या जागी कांद्याच्या पातीचा हिरवा भाग अगदी बारीक चिरून घाला.

पार्सली मिळाली नाही म्हणून कोथिंबीर घालू नका. चांगली लागते, नाही असं नाही. पण मग ती दह्याची चटणी झाली, आणि तिला रँच म्हणायचं कारण उरत नाही. पार्सली सरळ गाळा, फार फरक पडत नाही.

'सगळं बरोबर केलं तरी पुडीसारखं लागत नाही' ही तक्रारही नेहमीची. पुडीत मोनोसोडियम ग्लुटामेट असतं, म्हणजे आपलं अजिनोमोटो. चालत असेल तर दोन चिमटी घालून बघा आणि मीठ तेवढं कमी करा.

कालवल्या कालवल्या चाखून मसाला वाढवणं ही मात्र घाईची चूक. वाळलेल्या पाल्याला आणि पुडींना भिजायला वेळ लागतो. किमान तासभर, जमल्यास दोन तास फ्रीजमध्ये ठेवा आणि मग चाखा. थंड झाल्यावर ते थोडं दाटही होतं, त्यामुळे पातळपणाचा निकालही त्याआधी नको.

बिघडलंच तर

पातळ झालं तर चमचा-चमचा चक्का किंवा मेयोनीज. कॉर्नफ्लोअर शिजवून घालायच्या फंदात पडू नका, पिठूळ लागतं. आंबट झालं तर मेयोनीज वाढवा. सोडा टाकलात तर फेस येईल आणि चव साबणासारखी होईल. खारट झालं तर बिनमिठाचा चक्का. लसूण जास्त झाली तर बाकी सगळं दुप्पट करण्याशिवाय इलाज नाही, आणि मग शेजारी एक वाटी पाठवावी लागते.

कधी वाटीतलं रँच उत्तम असतं आणि सॅलडमध्ये पाणी होतं. तेव्हा दोष भाज्यांचा. लेट्यूस धुऊन तसंच वापरलं की ड्रेसिंग पानाला चिकटतच नाही, खाली घसरतं. काकडी-टोमॅटोला मिठाने पाणी सुटतं. पानं फडक्यात कोरडी करा, काकडीच्या बिया काढा आणि ड्रेसिंग ताटात वाढतानाच घाला.

टिकण्याबद्दल थोडं कडक राहा. ताजा पाला घातला असेल तर तीन-चार दिवस, सगळं कोरडं असेल तर आठवडाभर, तेही फ्रीजमध्ये ४ अंशांच्या आत. मेयोनीज घरी कच्च्या अंड्याचं केलं असेल तर मी दोन दिवसांपुढे जात नाही. टेबलावर दोन तासांपेक्षा जास्त नको, आणि उन्हाळ्यात पारा ३२ च्या वर असेल तर एकच तास. पार्टीत वाटी बर्फाच्या ताटलीत ठेवा. उरलेलं गोठवू नका, वितळलं की फाटतं. आणि वास घेऊन 'अजून बरं आहे' असं ठरवू नका, लसूण सगळे वास झाकते. बरणीवर केलेली तारीख लिहून ठेवा.