मशीन लावायच्या आधी विहिरीत वाकून बघा

निफाड असो, सिन्नर असो की चांदवड, जमिनीखालचं पाणी शोधायला गेलो की गाडीतून रेझिस्टिव्हिटी मशीन (जमीन विजेला किती अडवते ते मोजणारं) उतरवायच्या आधी मी शेजारची विहीर बघतो. आपल्या बेसाल्टचे थर विहिरीच्या भिंतीत उघडेच असतात: वर माती, मग मुरूम, त्याखाली मांजऱ्या (भोकाभोकांचा बेसाल्ट) किंवा भेगाळ खडक, आणि तळाशी काळा पाषाण. टेप सोडा, प्रत्येक थराची जाडी लिहा, पाण्याची पातळीही लिहा. पातळी पहाटे घ्या, मोटारी सुरू झाल्यावर ती खरी राहत नाही.

पहिलं साउंडिंग, म्हणजे एका जागी वरून खोलपर्यंतचं मोजमाप, या विहिरीपासून 20-30 मीटर सोडून घ्या. त्यामागे कारण आहे. 30 ओहम-मीटरचा (ओहम-मीटर हे विजेला होणाऱ्या अडथळ्याचं माप) 9 मीटर थर आणि 20 ओहम-मीटरचा 6 मीटर थर आलेखावर जवळपास सारखेच उमटतात. सॉफ्टवेअर दोन्ही उत्तरं तेवढ्याच रुबाबात देतं. खरं कुठलं, ते भिंत बघूनच ठरवायचं.

चार सळया एका रेषेत ठोकायच्या. बाहेरच्या दोन वीज सोडतात, आतल्या दोन व्होल्टेज मोजतात. बाहेरच्या लांब नेत गेलं की खोलचं कळत जातं. ढोबळमानाने एकूण पसाऱ्याच्या चौथ्या हिश्श्याइतकं. उन्हाळ्यात सळईच्या बुडाशी मिठाचं पाणी ओता.

नाशकात खरा वैताग द्राक्षबागेचा. मांडवाचे लोखंडी अँगल जमिनीत गाडलेले, वर तारांचं जाळं. सोडलेली वीज तारेतूनच पळते आणि रीडिंग उगाच कमी येतं. बागायतदाराला वाटतं बागेतच मोजावं, कारण बोअर तिथेच हवाय. ऐकू नका. लाइन बांधाबाहेर, मांडवापासून लांब टाका, आणि एकदा तिला काटकोनातही घेऊन बघा. दोन्हींत फार फरक दिसला तर काहीतरी आडवं आहे: तार, पाइप नाहीतर डाइक (खडकात भिंतीसारखा उभा घुसलेला दुसरा खडक).

रीडिंग कमी म्हणजे पाणी जास्त, हा समज सोडा. काळी चिकण माती 10 ओहम-मीटरच्याही खाली जाते. ती पाणी धरून बसते, विहिरीला सोडत नाही. ओला मुरूम आणि भेगाळ खडक साधारण 20 ते 50, घट्ट पाषाण शंभराच्या पुढे. तुमच्या विहिरीजवळ आलेले आकडे मात्र या आकड्यांपेक्षा जास्त भरवशाचे माना.

आता साठा. समजा मुरूम आणि मांजऱ्या मिळून 14 मीटरपर्यंत आहेत आणि पाणी 5 मीटरवर आहे. मग भिजलेली जाडी 9 मीटर, 14 नव्हे; ही चूक अहवालांत सर्रास दिसते. शासकीय भूजल मूल्यांकनात असा बेसाल्ट 1 ते 3 टक्के पाणी सोडतो असं धरतात, सहसा 2. एका हेक्टरखाली 10,000 × 9 × 0.02 म्हणजे 1,800 घनमीटर, 18 लाख लिटर. 1 टक्का धरला तर 9 लाख, 3 धरला तर 27. शेतकऱ्याला तिन्ही आकडे द्या. एकच आकडा दिला की तो त्यावर नवीन प्लॉट लावून मोकळा होतो.

खोल पाषाणातली वीतभर जाडीची भेग या पद्धतीत दिसतच नाही. तिच्यावर बोअर चालू शकतो, पण हिशोबात ती धरू नका. आणि पातळी दिवाळीनंतर व वैशाखात, दोन्ही वेळा मोजा. भिजलेली जाडी दर वेळी नव्याने काढावी लागते.