पेट्रोल पिकअपमध्ये बसवलेले जुने मॅटाडोर इंजिन: जुळणी आणि देखभाल

पुण्याच्या बजाज टेम्पो कंपनीने १९८०च्या दशकात मर्सिडीज-बेंझचे ओएम ६१६ हे चार सिलिंडरचे डिझेल इंजिन परवान्याने बनवायला घेतले आणि मॅटाडोरमधून, पुढे ट्रॅक्समधून ते खेडोपाडी पोहोचले. बोअर (सिलिंडरचा व्यास) ९०.९ मिलिमीटर, स्ट्रोक (पिस्टनची चाल) ९२.४ मिलिमीटर, क्षमता २,३९९ सीसी आणि कॉम्प्रेशन २१ ला १ असलेले हे इंजिन गाडीचा पत्रा सडला तरी धडधाकट राहते, त्यामुळे अनेकांनी ते अ‍ॅम्बेसिडरमध्ये, जीपमध्ये आणि पेट्रोलवर चालणाऱ्या जुन्या महिंद्रा पिकअपमध्ये बसवून घेतले. अशी गाडी धूर ओकू लागली किंवा चढाला दम टाकू लागली की पहिला हात सिलिंडरांना डिझेल पुरवणाऱ्या पंपाच्या स्क्रूकडे जातो. माझ्या मते तो शेवटी जायला हवा, कारण बदललेल्या इंजिनाचा दोष बहुधा इंजिनात नसून इंजिन आणि गाडी यांच्या सांध्यात असतो.

नव्या इंजिनाचा नंबर आणि बदललेले इंधन आरसी बुकात चढलेले आहे की नाही, हे गाडी विकत घेतानाच पाहावे. मोटार वाहन कायदा, १९८८ याचे कलम ५२ अशा फेरबदलांना लागू होते आणि नोंद नसलेल्या गाडीवर पुढचा खर्च करण्यात अर्थ नाही.

सांध्यांमध्ये सर्वांत दुर्लक्षित गोष्ट म्हणजे अर्थिंग. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेले असल्यामुळे चासीशी त्याचा विजेचा संबंध जाड अर्थ पट्टीनेच जोडावा लागतो. माझ्या पिकअपला ही पट्टी बसवायची राहून गेली होती. जुन्या पेट्रोल इंजिनाच्या चोकची तार डिझेल इंजिन बंद करणाऱ्या स्टॉपला जोडलेली होती आणि थंडीतल्या एका पहाटे मी सेल्फ मारत असताना डॅशबोर्डवरची चोकची मूठ हाताला चटका बसेल इतकी तापली, तारेवरचे प्लास्टिक वितळू लागले. स्टार्टरचा सगळा करंट त्या बारीक तारेतून परत जात होता. बॅटरी कमजोर समजून ती मी आधीच एकदा बदलली होती, हे वेगळे सांगायला नको. गिअरबॉक्सच्या एका बोल्टपासून चासीपर्यंत पट्टी टाकावी, दोन्ही टोकांचा रंग घासून लख्ख धातू उघडा करावा आणि मगच बोल्ट आवळावा.

दुसरा सांधा डिझेलच्या नळ्यांचा. पंपातून आणि सिलिंडरात डिझेल फवारणाऱ्या नोझलमधून उरलेले डिझेल टाकीत परत जावे लागते, पण पेट्रोलच्या जुन्या टाकीला परतीची वाट नसेल तर काही जण ही नळी टी लावून पुन्हा ओढीच्या नळीलाच जोडतात. त्यामुळे एकदा शिरलेली हवा तिथल्या तिथे फिरत राहते आणि इंजिन गचके खाते. परतीची नळी स्वतंत्रपणे टाकीपर्यंत न्यावी आणि ओढीची पेट्रोलची बारीक नळी काढून तिच्या जागी जाड नळी घ्यावी. फिल्टरच्या अलीकडे वीतभर पारदर्शक नळी लावली की बुडबुडे डोळ्यांनी दिसतात. हवा काढताना आधी हातपंपाने डिझेल चढवावे, मग नोझलकडचे नट थोडे सैल करून सेल्फ मारावा आणि फेस थांबून निव्वळ डिझेल आले की नट आवळावेत.

रेडिएटरबाबत थोडक्यात एवढेच, की इंजिन बदलल्यावर पंख्याचा मध्य रेडिएटरच्या मध्यावर येत नसेल तर घाटात पाणी उकळते, आणि त्यावर नुसता मोठा रेडिएटर नव्हे, तर पंख्याभोवती नीट बसणारे पत्र्याचे कव्हर हा खरा उपाय आहे.

हे सांधे पक्के झाल्यावर टॅपेटकडे, म्हणजे कॅम आणि रॉकर यांच्यातल्या फटीकडे वळावे. इंजिन रात्रभर थंड झालेले असताना कव्हर उघडावे, क्रँकपुलीच्या बोल्टला पाना लावून इंजिन चालीच्याच दिशेने फिरवावे आणि ज्या व्हॉल्व्हचे माप घ्यायचे त्याच्या कॅमचे टोक रॉकरपासून पूर्ण दूर गेल्यावर फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घालावा. थंड इंजिनावर इनटेकला ०.१० मिलिमीटर आणि एक्झॉस्टला ०.३० मिलिमीटर फट ठेवतात. कोणता व्हॉल्व्ह कशाचा, हे मॅनिफोल्डच्या नळ्यांसमोर उभे राहून ठरवावे, कारण अदलाबदल झाली तर एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह जळून जातो. १४ नंबरचे दोन पातळ पाने लागतात, एक वरच्या टोपीनटाला आणि दुसरा खालच्या लॉकनटाला. गेज सरकताना लोण्यातून सुरी फिरावी तशी हलकी ओढ लागली पाहिजे. नट आवळताना फट हटकून बदलते, म्हणून आवळून झाल्यावर पुन्हा मोजावे. व्हॉल्व्ह जिथे टेकतो ती सीट झिजत जाते तसा व्हॉल्व्ह आत बसतो आणि फट कमी होते, त्यामुळे खडखडणाऱ्या टॅपेटपेक्षा गप्प झालेल्या टॅपेटची काळजी अधिक करावी. मी दर १०,००० किलोमीटरला तपासतो.

त्यानंतर गरम इंजिनावर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरात दाबलेल्या हवेचा दाब, मोजून घ्यावे. चांगल्या इंजिनात ते २२ ते २४ बार येते, १५ बार ही खालची मर्यादा आहे आणि सिलिंडरांमधला फरक ३ बारपेक्षा जास्त नसावा. या मर्यादेखाली गेलेल्या इंजिनाचा पंप कितीही जुळवला तरी सकाळचा पांढरा धूर जात नाही. कॉम्प्रेशन ठीक असून गाडी सकाळी सुरू होत नसेल तर थंड इंजिन सुरू करताना आतली हवा तापवणारे हीटर प्लग पाहावेत. जुन्या तारेच्या प्लगांची जोडणी एकामागून एक अशी असते, म्हणून त्यातला एक जळला की चारही बंद पडतात, तर पेन्सिल प्लग स्वतंत्र चालतात आणि एक जळाल्यास इंजिन तीन पायांवर सुरू होते.

नोझल टेस्टरवर ११५ ते १२५ बारला उघडले पाहिजे, फवारा धुक्यासारखा पडला पाहिजे आणि नंतर टोकाला थेंब लोंबू नये. त्या फवाऱ्यासमोर हात कधीही धरू नये, कारण तो कातडी भेदून आत जातो आणि वरून टाचणीएवढीच खूण दिसते. नोझल परत बसवताना त्याखालचा वॉशर दर वेळी नवीन घालावा. जुना उलटा करून घालण्याची काटकसर महागात पडते.

आता पंप. टायमिंग पाहण्यासाठी एक नंबरच्या पाइपाखालचा डिलिव्हरी व्हॉल्व्ह आणि स्प्रिंग काढून होल्डर पुन्हा लावतात, त्यावर वाकडी नळी बसवतात आणि हातपंप मारत इंजिन सावकाश फिरवतात. धार तुटून सेकंदाला साधारण एक थेंब पडू लागतो, तोच डिझेल सुटण्याचा क्षण, आणि मर्सिडीजच्या मूळ मापानुसार तो कॉम्प्रेशनच्या फेरीत टीडीसीच्या (पिस्टन सर्वांत वर पोहोचण्याच्या बिंदूच्या) २४ अंश आधी यावा. पंप हलवण्यापूर्वी फ्लँजवर छिन्नीची बारीक खूण करून ठेवावी. हे काम धुळीत करू नये, आणि सराव नसेल तर पंपवाल्याकडेच सोपवावे. कमाल डिझेलचा सील केलेला स्क्रू मात्र पंप तपासायच्या बेंचशिवाय कोणीही फिरवू नये. अर्धा फेरा वाढवला की गाडी चार दिवस जोरात पळाल्यासारखी वाटते, पण जादा डिझेल काळ्या धुराच्या रूपाने वाया जाते, पिस्टन तापतात आणि पीयूसीच्या चाचणीत जुन्या डिझेल गाड्यांसाठीची ६५ हार्ट्रिज युनिटची (धुराच्या दाटपणाचे माप) मर्यादा ओलांडली जाते. आयडलिंग मिनिटाला ७०० ते ८०० फेऱ्यांवर ठेवावे.

पेट्रोल गाडीचा ५.३८ प्रमाणाचा मागचा एक्सल तसाच असेल तर टॉप गिअरमध्ये ताशी ६० किलोमीटरला इंजिन मिनिटाला सुमारे २,४०० फेरे घेते. त्यामुळे ओझ्यासाठी गाडी उत्तम, पण हायवेवर तिला ताणू नये.

ऑइल १५डब्ल्यू-४० वापरावे आणि फिल्टरसह दर ५,००० किलोमीटरला बदलावे. ते दुसऱ्याच दिवशी काळे पडते, त्याला घाबरू नये. डॅशबोर्डच्या खणात एक वही ठेवून टॅपेट जुळवण्याआधी जी फट सापडली तीही सिलिंडरवार लिहावी. एकाच सिलिंडरच्या एक्झॉस्टची फट ०.३० वरून दर वेळी ०.२० किंवा त्याहून खाली आलेली दिसू लागली, तर पुढच्या खेपेला नुसती फट न जुळवता हेड उतरवून सीट पाहावी.