७९ वर दिसलं म्हणजे बेंझिनच, असं नाही

एम.एस्सी. करून हवेतल्या सेंद्रिय बाष्पांवर काम करणाऱ्या प्रयोगशाळेत रुजू झालो, तेव्हा मला फक्त जीसी-एमएस (बाष्पं आधी वेगळी करून मग त्यांचं वस्तुमान मोजणारं यंत्र) ठाऊक होतं. नळीत हवा गोळा करा, तापवून कॉलम नावाच्या लांब बारीक नळीत सोडा, अर्धा-पाऊण तास थांबा. इथे पीटीआर-एमएस होतं: हवेतल्या रेणूंना प्रोटॉन जोडून त्यांचं वस्तुमान तिथल्या तिथे मोजणारं यंत्र. इनलेटजवळ कुणी मार्कर उघडला की दोन-तीन सेकंदांत पडद्यावरची रेघ उसळायची. पहिल्या दिवशी मी तिथून हललोच नाही.

१९९० च्या दशकात ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकमध्ये वेर्नर लिंडिंगर यांच्या गटाने हे तंत्र विकसित केलं. पाण्याच्या वाफेपासून हायड्रोनियम आयन (एक जादा प्रोटॉन घेतलेले पाण्याचे रेणू) बनवायचे; ज्या रेणूला प्रोटॉनची ओढ पाण्याहून जास्त, तो त्यांच्याकडून प्रोटॉन घेतो आणि त्याचं वस्तुमान एकाने वाढतं. ॲसिटोन ५९ वर, बेंझिन ७९ वर, टोल्युइन ९३ वर. नायट्रोजन-ऑक्सिजनची ओढ कमी, म्हणून हवा थेट आत सोडता येते. मिथेन याच कारणाने दिसत नाही.

आता माझी चूक. तिसऱ्या महिन्यात ७९ ची रेघ दर दुपारी चढू लागली. बेंझिन कर्करोगकारक, त्यामुळे मी धावत जाऊन सरांना सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, "१०७ पाहिलंस का?" तीही अगदी तशीच चढत होती. शेजारच्या खोलीत रंगकाम सुरू होतं. थिनरमधल्या झायलीनसोबत एथिलबेंझिन असतं. दोन्ही १०७ वर दिसतात, आणि एथिलबेंझिन ड्रिफ्ट ट्यूबमध्ये (प्रोटॉन जोडला जातो त्या नळीत) फुटलं की तुकडा पडतो नेमका ७९ वर. वस्तुमानातला अगदी बारीक फरक ओळखणारं महागडं टाइम-ऑफ-फ्लाइट यंत्रही इथे हात टेकतं, कारण त्या तुकड्याचं आणि प्रोटॉन घेतलेल्या बेंझिनचं सूत्र एकच. शेवटी नळीत नमुना घेऊन जीसी-एमएसवर लावला, तेव्हा खरं बेंझिन किरकोळ निघालं.

म्हणून नव्याने येणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं: आधी जीसी-एमएसवर हात बसवा. पायथन किंवा आर शिका, कारण सेकंदा-सेकंदाची विदा एक्सेलमध्ये मावत नाही. व्हॅक्यूम पंप आणि गळती शोधणं कमी लेखू नका. माझे कित्येक दिवस एका सैल फिटिंगपायी गेले आहेत.

आणि शून्य हवा, म्हणजे बाष्पं काढून टाकलेल्या स्वच्छ हवेचं मोजमाप, रोज घ्या. आपल्याकडे बेंझिनची वार्षिक मर्यादा घनमीटरला ५ मायक्रोग्रॅम आहे, म्हणजे साधारण १.६ पीपीबी (अब्जात १.६ भाग). यंत्राची स्वतःची पार्श्वभूमीच अर्धा पीपीबी असेल आणि ती वजा करायची राहिली, तर जवळजवळ एक तृतीयांश मर्यादा तुम्ही हवेच्या नावावर फुकट मांडलेली असते.