फेरारी २५० जीटीओच्या एखाद्या गाडीचा शर्यतींतील इतिहास कसा शोधावा

सर्वप्रथम चॅसिस क्रमांक, म्हणजे कारखान्याने गाडीच्या सांगाड्याला दिलेला कायमचा क्रमांक, निश्चित करावा. १९६२ ते १९६४ या काळात तीन लिटर इंजिनाच्या अवघ्या ३६ जीटीओ तयार झाल्या आणि त्यांतील प्रत्येकीची कारकीर्द वेगळी आहे. त्यामुळे ‘जीटीओने अमुक शर्यत जिंकली’ एवढ्याने काहीच हाती लागत नाही. इटलीतील मारानेल्लोचा फेरारी कारखाना त्या काळी जीटी (ग्रँड टूरिंग, म्हणजे रस्त्यावरही चालवता येणाऱ्या) गाड्यांना विषम क्रमांक देत असे, म्हणून कोणी सम क्रमांक सांगितल्यास तेथेच थांबून खात्री करून घ्यावी. दारावर रंगवलेला आकडा केवळ त्या शर्यतीपुरता असतो. त्यावरून गाडीची ओळख पटवू नये.

त्यानंतर आयोजकांचे अधिकृत निकाल पाहावेत, आणि त्यांत एकूण क्रमवारी व गटातील क्रमवारी यांची स्वतंत्र नोंद करावी. मार्च १९६२ मध्ये अमेरिकेतील सेब्रिंगच्या बारा तासांच्या शर्यतीत फिल हिल आणि ऑलिव्हिए जाँदेबियाँ यांची जीटीओ एकूण दुसरी, तर जीटी गटात पहिली आली. त्याच वर्षी फ्रान्समधील ल माँच्या चोवीस तासांच्या शर्यतीत नोब्ले आणि गिशे यांनी ३७०५जीटी या चॅसिस क्रमांकाच्या गाडीने हेच यश मिळवले. निव्वळ शर्यतीसाठी बांधलेल्या गाड्यांच्या गर्दीत हे दुसरे स्थान माझ्या मते अनेक विजयांपेक्षा मोठे आहे.

खरी कसोटी छायाचित्रे जुळवताना लागते, कारण शर्यतीत वापरलेल्या गाडीचे रूप टिकत नाही. ३४१३जीटी हे याचे उत्तम उदाहरण होय. कारखान्याने टार्गा फ्लोरिओ या सिसिलीतील शर्यतीच्या तयारीसाठी वापरलेली ही गाडी एदोआर्दो लुआल्दी-गाबार्दी यांनी घेतली आणि १९६२ मध्ये तिच्याच बळावर इटलीचे राष्ट्रीय जीटी अजिंक्यपद पटकावले; पुढे जान्नी बुल्गारी आणि कोर्रादो फेर्लाइनो या मालकांच्या हाती तिने १९६३ व १९६४ च्या टार्गा फ्लोरिओमध्ये आपला गट जिंकला. मधल्या काळात मात्र फेरारीच्या गाड्यांची बाह्य बॉडी बनवणाऱ्या स्काल्येत्ती यांच्या कार्यशाळेत तिच्यावर १९६४ च्या धर्तीची नवी बॉडी चढली, त्यामुळे तिची पहिली आणि नंतरची छायाचित्रे शेजारी ठेवल्यास त्या दोन निराळ्या गाड्या भासतात. म्हणून प्रत्येक छायाचित्रावर तारीख, शर्यत आणि त्या दिवशीचा मालक या तिन्ही गोष्टी लिहून ठेवाव्यात आणि बॉडी बदलल्याची नोंद वेगळ्या रकान्यात करावी.

लिलावगृहाची पुस्तिका सर्वांत शेवटी उघडावी. हीच ३४१३जीटी २०१८ मध्ये कॅलिफोर्नियातील लिलावात ४.८४ कोटी डॉलरना विकली गेली. एवढी रक्कम पणाला लागलेली असताना विक्रेत्याच्या पुस्तिकेतील प्रत्येक विजय मूळ निकालपत्रकाशी ताडून पाहावा आणि जो जुळणार नाही तो आपल्या यादीतून वगळावा.