डिव्हिजन ३ बास्केटबॉलला निघालेल्या मुलाची तयारी: आधी सिकलसेलचा रिपोर्ट

तुमचा मुलगा यंदा अमेरिकेतल्या कॉलेजात डिव्हिजन ३ चं बास्केटबॉल खेळायला निघाला असेल (तिथल्या कॉलेजांच्या खेळाचे तीन गट आहेत, त्यातला हा तिसरा) आणि जून लागला असेल, तर बाकी सगळं बाजूला ठेवा आणि मुलाच्या डॉक्टरांना फोन करून सिकलसेल, म्हणजे आईवडिलांकडून येणाऱ्या रक्ताच्या आजाराच्या, तपासणीचा रिपोर्ट मागा. सगळी यादी पुढे आहेच, पण एवढं काम वाचता वाचता करून टाका. तीन वर्षांपूर्वी थोरल्याच्या वेळी मी चादरी, उशा, मसाल्याचे डबे, बुटांचे दोन जोड सगळं आठवणीने भरलं आणि हा एक कागद राहिला. आता धाकटा निघाला आहे, ओळखीतल्या आणखी दोन घरांतली मुलं निघाली आहेत, आणि सगळे मला चादरींबद्दलच विचारत आहेत.

काय झालं ते सांगते. ओहायोतलं छोटं कॉलेज, विद्यार्थी जेमतेम दीड हजार. ऑगस्टच्या शेवटी आम्ही खोली लावून दिली, कोचना भेटलो, घरी परतलो. दुसऱ्या दिवशी ॲथलेटिक ट्रेनरने, म्हणजे खेळाडूंच्या तब्येतीकडे बघणाऱ्या कॉलेजच्या माणसाने, त्याला जिमच्या दारातच थांबवलं. फॉर्मवर ‘कुटुंबात सिकलसेल आहे का’ या प्रश्नापुढे मी ‘नाही’ अशी खूण करून मोकळी झाले होते. त्यांना लॅबचा रिपोर्ट हवा होता. अमेरिकेत जन्मलेल्या बाळाच्या टाचेतून रक्त घेऊन जी तपासणी होते, तिच्यात २००६ पासून सगळ्या राज्यांत सिकलसेल आहे, त्यामुळे इथल्या मुलांचा कागद कुठे ना कुठे सापडतो. आमचा थोरला नागपूरला जन्मलेला, अडीच वर्षांचा असताना इथे आला. त्याची ती तपासणी कधी झालीच नव्हती.

मग धावपळ. गावातल्या दवाखान्यात रक्त दिलं, मध्ये लेबर डेची सुट्टी आली, नमुना दुसऱ्या शहरातल्या लॅबला गेला, विमा कंपनीने वेगळंच विचारणं काढलं. सोळा दिवस गेले. ते सोळा दिवस बाकीची नवी मुलं वरच्या वर्गातल्या मुलांबरोबर रोज संध्याकाळी खेळत होती, एकमेकांची पास देण्याची सवय ओळखत होती, जेवायला एकत्र जात होती. हा भिंतीला टेकून बघत बसायचा. फोनवर म्हणायचा, “आई, त्यांना अजून माझं नावही नीट माहीत नाही.”

आणि रिपोर्ट आला तेव्हा त्यात एएस लिहिलेलं होतं. म्हणजे वाहक: आजार नाही, पण त्याचा एक जीन अंगात आहे. एए असतं तर तोही नाही.

मी विदर्भातली. लहानपणापासून सिकलसेल हा शब्द ऐकलेला, पण तो गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबारच्या आदिवासी पाड्यांवरचा आजार, आपल्या घराशी त्याचा संबंध नाही, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. नंतर आम्हा दोघांची तपासणी झाली, तेव्हा मुलाचे बाबाही वाहक निघाले. पन्नाशीपर्यंत त्यांना पत्ता नव्हता, कारण वाहकाला रोजच्या जगण्यात सहसा काहीच त्रास होत नाही. त्रास होऊ शकतो तो टोकाच्या श्रमात. शरीरात पाणी कमी, हवा गरम आणि मध्ये दम न घेता धावण्याच्या फेऱ्यांवर फेऱ्या, अशा वेळी तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, स्नायूंचा रक्तपुरवठा तुटतो आणि स्नायूच मोडायला लागतात. २००६ च्या सप्टेंबरात टेक्सासमधल्या राइस विद्यापीठात डेल लॉइड नावाचा अमेरिकन फुटबॉलचा नवा खेळाडू १०० यार्डांच्या १६ धावा काढल्यावर कोसळला आणि दुसऱ्या दिवशी गेला. एकोणीस वर्षांचा होता. तोही वाहक होता. त्याच्या आईवडिलांनी खटला लढवला, आणि त्यातल्या समझोत्यानंतर एनसीएएने, म्हणजे कॉलेजांच्या खेळांचे नियम ठरवणाऱ्या संस्थेने, २०१० पासून डिव्हिजन १ मध्ये ही तपासणी आणली, मग २ आणि ३ मध्येही ती आली. कॉलेजच्या पोर्टलवर, म्हणजे फॉर्म भरायच्या वेबसाइटवर, सिकलसेलची जी एक ओळ असते तिच्यामागे हे घर आहे. तिथे नुसती खूण करून पुढे जाऊ नका.

वाहक असला तरी खेळायला बंदी नाही, हेही लगेच सांगते, कारण एका ओळखीच्या घरात या भीतीने तपासणीच टाळायचं चाललं होतं. थोरला तीन वर्षं खेळतो आहे. ट्रेनरला माहीत असल्यामुळे त्याची तयारी हळूहळू वाढवतात, धावांमध्ये जास्त विश्रांती देतात, सुरुवातीच्या वेळ लावून घ्यायच्या धावण्याच्या चाचण्या त्याला देत नाहीत. पाय एकदम कमजोर वाटले, दुखायला लागले, की तिथल्या तिथे थांबायचं आणि सांगायचं, हे त्याला पाठ आहे. पायात गोळा आला असेल, सहन कर, असं त्याला कुणी म्हणत नाही. रिपोर्ट नसता आणि दारात कुणी अडवलं नसतं, तर पहिल्याच आठवड्यात तो सगळ्यांच्या पुढे राहायचं म्हणून जीव तोडून धावला असता. मला आजही रात्री तेच आठवतं.

आता क्रमाने.

मे महिन्यापर्यंत कोचशी बोलणं पूर्ण करा. डिव्हिजन ३ मध्ये खेळासाठी स्कॉलरशिप नसते. पैसे मिळतात ते घरच्या उत्पन्नाप्रमाणे किंवा मार्कांवर, आणि ते कॉलेजच्या फायनान्शियल एड ऑफिसच्या पत्रात असतील तेवढेच खरे. कॉलेजात खेळायला जाणार म्हणून शाळेत फोटो काढून ज्या कागदावर सही करतात, तो आनंदापुरता असतो, तो कुणालाच बांधील नसतो. कोचना तीन प्रश्न स्पष्ट विचारा: यंदा नवीन किती मुलं येताहेत, ज्युनियर टीम आहे का, आणि बाहेरगावच्या सामन्यांना किती जणांना नेता. थोरल्याच्या वर्षी नऊ नवी मुलं आली होती, त्यातली चार दुसऱ्या वर्षी टीममध्ये नव्हती. विचारायला संकोच करू नका, चांगले कोच उत्तर देतात. आणि नातेवाईक “म्हणजे स्कॉलरशिप नाहीच का?” असं विचारतील तेव्हा मुलासमोर ओशाळू नका. एनबीएत, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉलमध्ये, मायामी हीटकडून खेळलेला डंकन रॉबिन्सन डिव्हिजन ३ च्या विल्यम्स कॉलेजातूनच सुरुवात करून पुढे गेला. आपला मुलगा तिथवर जाणार नाही, पण त्याने मिळवलेली जागा लहान नाही.

मूल भारतातून थेट येत असेल, तर एनसीएएच्या एलिजिबिलिटी सेंटरकडून, म्हणजे पात्रता तपासणाऱ्या कार्यालयाकडून, तो हौशी खेळाडू असल्याची खात्री करून घ्यावी लागते. ते काम व्हिसाच्या कामाबरोबरच सुरू करा. आणि सिकलसेलची तपासणी तिथेच, निघायच्या आधी. त्याच्याकडे जन्मावेळचा कागद नसणारच.

जून महिना पूर्ण डॉक्टरांचा. एनसीएएला शारीरिक तपासणी पहिल्या सरावाच्या आधी सहा महिन्यांच्या आतली लागते, त्यामुळे हायस्कूलच्या सीझनसाठी मागच्या शरदात केलेली चालत नाही. नवी करा. त्याच भेटीत सिकलसेल. मूल अमेरिकेत जन्मलेलं असेल तर बालरोगतज्ज्ञाकडे किंवा राज्याच्या आरोग्य खात्याकडे जन्मावेळचा निकाल मागा. धाकट्याचा मिळायला आठवडा लागला. सापडत नसेल तर शोधत बसू नका, सरळ रक्त द्या. सोल्युबिलिटी टेस्टमध्ये, म्हणजे पहिल्या झटपट तपासणीत, काही निघालं तर पुढे इलेक्ट्रोफोरेसिस ही खात्रीची तपासणी करावी लागते, म्हणजे आणखी दिवस, म्हणून जून म्हणते आहे, ऑगस्ट नाही. ‘सर्व ठीक आहे’ असं डॉक्टरांचं पत्र घेऊन येऊ नका. नाव, जन्मतारीख, तपासणीची तारीख आणि निकाल असलेला लॅबचा कागद हवा. पूर्वी काही जण सही करून या तपासणीतून सुटत, त्या ऐकीव गोष्टीवर विसंबू नका.

अजून एक, आणि हे कुणी सांगत नाही. कॉलेजच्या हेल्थ सेंटरचं पोर्टल वेगळं आणि खेळ विभागाचं वेगळं असतं. एकीकडे चढवलेला कागद दुसरीकडे दिसेल असं नाही. रिपोर्ट दोन्हीकडे चढवा आणि मग ट्रेनरला ईमेल करून “मिळाला का” असं विचारा. उत्तर येईपर्यंत काम झालं असं समजू नका.

हृदयाच्या प्रश्नांची उत्तरं खरी द्या. कुटुंबात पन्नाशीच्या आत कुणी अचानक गेलं का, हा प्रश्न तिथे असतो. आपल्याकडे असे मृत्यू ‘झोपेतच गेले’ म्हणून बोलणं संपवतात. आजीला फोन करा, कोणते काका, किती वर्षांचे, काय करताना, सगळं विचारा आणि लिहा. उंच, सडपातळ मुलांच्या बाबतीत तर डॉक्टरांना हे कळायलाच हवं.

टीबीची तपासणी मागतील. जन्मतः बीसीजी घेतलेल्या मुलाचा हातावरची टेस्ट उगाच पॉझिटिव्ह येऊ शकतो आणि मग छातीचा एक्स-रे, पुन्हा दवाखाना. रक्तातून होणारी तपासणी मागून घ्या. लसींचे कागद तुमच्याकडे असतीलच. एकाग्रतेसाठी किंवा दम्यासाठी रोज औषध असेल तर डॉक्टरांचा कागद ट्रेनरकडे आधीच द्या, त्यातली काही औषधं एनसीएएच्या बंदीच्या यादीत येतात. भारतातून आणलेली चूर्णं आणि ताकदीच्या पावडरी घरीच राहू द्या. डब्यावर लिहिलंय तेच आत आहे याची खात्री तुम्हीही देऊ शकत नाही.

विमा. खेळताना दुखापत झाली तर आधी घरचा विमा वापरतात, कॉलेजचा नंतर. तुमचा विमा त्या गावात चालतो का ते विचारा. मूल अठराचं झालं की दवाखाना तुम्हाला काहीही सांगायला बांधील नाही, म्हणून माहिती द्यायची संमती आणि वैद्यकीय निर्णयाचं अधिकारपत्र, दोन्हींवर त्याच्या सह्या घेऊन ठेवा. मला त्या सोळा दिवसांत लॅबने माझ्याच मुलाचा निकाल फोनवर सांगितला नव्हता.

जुलैत खेळ. हायस्कूलची तीन गुणांची रेष १९ फूट ९ इंचांवर, कॉलेजची २२ फूट पावणेदोन इंचांवर. अंगणात टेप लावून ती रेष आखा आणि रोज तिथूनच मारू द्या, कारण पहिले काही दिवस चेंडू रिंगपर्यंतच पोचत नाही आणि मुलं खांद्याने ढकलायला लागतात. शॉट क्लॉक, म्हणजे चेंडू हातात आल्यावर शॉट मारायची मुदत, तीस सेकंदांचं, वीस-वीस मिनिटांचे दोन हाफ. समोर येणारी मुलं बावीस वर्षांची, भरलेल्या अंगाची. धावण्याची तयारी जुलैच्या पहिल्या आठवड्यापासून हळूहळू वाढवा, ऑगस्टच्या शेवटी एकदम नको. आणि सिकलसेलचा निकाल हातात नसेल तर उन्हातल्या जोरदार धावा त्याला करू देऊ नका. हे मी प्रत्येक घराला सांगते आहे, आपल्यात कुणी नाही असं म्हणणाऱ्या घरालाही. आम्हीही तेच म्हणत होतो.

विषय निवडताना दुपारी चारनंतरची लॅब घेऊ नका, तो सरावाचा वेळ असतो. सत्रातले विषय मिळून बारा क्रेडिटच्या खाली गेला की खेळता येत नाही, म्हणून एखादा विषय सोडायच्या आधी त्याने सल्लागाराला विचारायलाच हवं. प्री-मेडची, म्हणजे पुढे मेडिकलला जायची तयारी करणारी, मुलं इथे अडकतात.

सामान. डॉर्मचा, म्हणजे हॉस्टेलचा, पलंग ट्विन एक्सएल, ८० इंच लांब, साध्या ट्विनच्या चादरी पुरत नाहीत. आजीची गोधडी आखूड पडली तरी द्या. बूट वापरून मऊ केलेले. बाकी तुम्हाला माहीत आहे.

ऑगस्टमध्ये सोडायला गेलात की खोली लावायच्या आधी ट्रेनरला भेटा. पोर्टल उघडून त्यांच्याच स्क्रीनवर सगळ्या ओळी हिरव्या आहेत का ते बघा. सिकलसेलची ओळ बोटाने दाखवून विचारा. धाकटा म्हणतो मी त्याची लाज काढणार आहे. काढीन.

अधिकृत सराव ऑक्टोबरच्या मध्याला सुरू होतो, तोवर मुलं आपापसात खेळतात, आणि ओळख तेव्हाच होते. दर दिवशी फोन करू नका. सामने नोव्हेंबरात.

डिसेंबरची भारताची तिकिटं काढू नका. बास्केटबॉलचा सीझन सुट्टीतूनच जातो, नाताळनंतर लगेच टीम परत बोलावतात. लग्न असेल तर तुम्ही जा, तो येणार नाही, हे मावशीला आत्ताच सांगा. थँक्सगिव्हिंगला आणि हिवाळी सुट्टीत मेस बंद असते, त्या दिवसांत जेवणाचं काय ते कोचना विचारा, तोवर थोडं कोरडं खाणं खोलीत.

रिपोर्टची एक प्रत त्याच्या फोनमध्ये, एक तुमच्या. धाकट्याचा आला आहे. एए.