युजर रोल आणि परवानग्या: कुणाला काय दिसावं, कुणाला काय करता यावं

ऑफिसात नवं सॉफ्टवेअर आलं की पहिल्या आठवड्यात एक गोष्ट हमखास होते. कुणाला तरी एखादं बटण दिसत नाही, काम अडतं आणि "तूर्तास ॲडमिन करून टाक, नंतर बघू" म्हणून विषय मिटवला जातो. ते 'नंतर' काही उगवत नाही. वर्षभराने यादी काढावी तर निम्मं ऑफिस ॲडमिन, म्हणजे सगळे अधिकार असलेलं, झालेलं असतं. हे टाळायचं असेल तर सेटिंग उघडण्याआधी थोडं काम कागदावर करा.

आधी कामं लिहा, माणसं नंतर

खरेदीचंच उदाहरण घेऊ. पुरवठादाराचं खातं उघडणं, ऑर्डर काढणं, माल आल्याची नोंद करणं, बिल चढवणं, पेमेंट मंजूर करणं अशी एकेक कामं ओळीने लिहा. नावं अजिबात लिहू नका. मग एकत्र जाणारी कामं एका गठ्ठ्यात बांधा, तो झाला रोल. लॉगिन करणारा माणूस म्हणजे युजर. परवानगी द्यायची ती रोलला, आणि रोल द्यायचा युजरला.

ही पद्धत डेव्हिड फेरायोलो आणि रिचर्ड कुन या अमेरिकी संशोधकांनी १९९२ मध्ये नीट सूत्रबद्ध केली. २००४ मध्ये अमेरिकेत तिचं अधिकृत मानकही झालं. फायदा सरळ आहे: माणसाची बदली झाली की एक रोल काढायचा, दुसरा द्यायचा. शंभर टिकमार्क पुन्हा तपासत बसावं लागत नाही.

रोलला नावही कामाचंच द्या. 'बिल नोंदणी' चालेल, 'सीनियर' नको. 'सीनियर' नावाच्या रोलला काय नाकारायचं हे कुणालाच ठरवता येत नाही, त्यामुळे त्यात हळूहळू सगळंच जमा होतं.

एका परवानगीत तीन प्रश्न असतात

बहुतेकांचा गोंधळ इथे होतो. पहिला प्रश्न: कोणत्या प्रकारची नोंद? ग्राहक, बिल, पगारपत्रक वगैरे. दुसरा: त्या प्रकारातल्या कोणकोणत्या नोंदी? सगळ्या शाखांची बिलं की फक्त स्वतःच्या शाखेची? तिसरा: नोंदीतले कोणते रकाने? विक्री करणाऱ्याला वस्तूची विक्री किंमत दिसायलाच हवी, खरेदी किंमत दिसायची गरज नाही.

प्रत्येक सॉफ्टवेअर या प्रश्नांची उत्तरं वेगवेगळ्या जागी मागतं. ईआरपीनेक्स्ट या व्यवसायाचे हिशेब-व्यवहार सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये पहिल्याचं उत्तर रोलच्या परवानग्यांत द्यायचं, दुसऱ्याचं 'युजर परमिशन'मध्ये, आणि तिसऱ्यासाठी रकान्यांना पातळ्यांचे आकडे असतात. ओडू या तशाच सॉफ्टवेअरमध्ये पहिल्यासाठी 'ॲक्सेस राइट्स' आणि दुसऱ्यासाठी 'रेकॉर्ड रूल्स' वेगळे. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये या तीन जागा कुठे आहेत ते आधी शोधून काढा. "परवानगी दिली तरी दिसत नाही" या तक्रारीचं मूळ बहुधा दुसऱ्या प्रश्नात सापडतं.

आता टिकमार्क. बघणं, नवी नोंद करणं, बदलणं, काढून टाकणं या चारांकडे सगळेच लक्ष देतात. 'एक्स्पोर्ट'कडे मात्र कुणी बघत नाही. एकेक ग्राहक उघडून बघणारा आणि संपूर्ण यादी एका क्लिकमध्ये फाइलीत उतरवून घेणारा, कागदावर दोघांनाही 'फक्त बघण्याची' परवानगी असते. प्रत्यक्षात दुसऱ्याच्या खिशात तुमचा सगळा धंदा असतो. म्हणून एक्स्पोर्ट मुळात बंद ठेवा आणि कुणी कारण सांगितलं तरच उघडा.

तसंच 'सेव्ह' (कच्ची नोंद जपून ठेवणं) आणि 'सबमिट' (ती पक्की करणं) यांचं. ईआरपीनेक्स्टसारख्या सॉफ्टवेअरमध्ये सबमिट केलेलं बिल साध्या दुरुस्तीने बदलता येत नाही, ते रद्द करून सुधारित प्रत काढावी लागते. नोंद करणाऱ्याला सेव्ह द्या. सबमिट आणि रद्द करणं तपासणाऱ्याकडे ठेवा.

बेरीज करून बघा

एका युजरला दोन रोल दिले की बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये हक्कांची बेरीज होते, वजाबाकी नाही. ग्राहक आणि विक्री सांभाळणाऱ्या सेल्सफोर्समध्ये युजरला प्रोफाइल, म्हणजे मूळ हक्कांचा संच, एकच असतं; त्यावर 'परमिशन सेट' नावाचे जादा हक्कांचे संच अनेक चढवता येतात. सेट चढवल्याने हक्क वाढतात, प्रोफाइलमधले कमी होत नाहीत. त्यामुळे "याला कमी अधिकाराचा रोलही दिलाय, आता काळजी नाही" हा समज खोटा.

खरा धोका बेरजेत आहे. पुरवठादाराचं खातं उघडणारा रोल निरुपद्रवी, पेमेंट मंजूर करणारा रोलही निरुपद्रवी. दोन्ही एकाच माणसाकडे आले की खोटा पुरवठादार उभा करून त्याला पैसे पाठवता येतात, तेही कुणाची सही न लागता. १९९५ मध्ये बेरिंग्ज ही जुनी ब्रिटिश बँक बुडाली ती अशाच बेरजेमुळे. सिंगापूरमध्ये बँकेचा कर्मचारी निक लीसन स्वतः सौदे करत होता आणि त्या सौद्यांचे हिशेब मिटवणारा विभागही त्याच्याच हाताखाली होता. तोटा ८२ कोटी ७० लाख पौंडांचा झाला.

म्हणून कागदावर जोड्या लिहा: कोणती दोन कामं एका हातात कधीच येऊ नयेत. ऑफिस लहान असेल आणि माणसंच दोन-तीन असतील, तर निदान मंजुरी तरी दुसऱ्याकडे ठेवा.

त्या माणसाच्या लॉगिनने फिरून या

ॲडमिनच्या लॉगिनने तपासणी होत नाही, त्याला सगळंच दिसतं. प्रत्येक रोलसाठी एक चाचणी युजर बनवा आणि आत शिरा. मेनूत नाव दिसत नाही एवढ्यावर समाधान मानू नका. मेनू लपवला तरी थेट लिंक टाकून, शोधपट्टीतून किंवा एखाद्या रिपोर्टमधून तीच माहिती समोर येऊ शकते. या तिन्ही वाटा चालून बघा, मोबाइल ॲपही उघडा. मग दिवसाचं एक पूर्ण काम करून पाहा, कारण जास्त अडवलेला माणूस शेजाऱ्याचा पासवर्ड मागतो आणि नोंदींवर भलत्याचंच नाव लागतं.

ॲडमिन दोनच ठेवा, म्हणजे एक रजेवर असला तरी अडणार नाही. त्यांनाही रोजच्या कामासाठी वेगळं, साधं लॉगिन द्या.

कुणी सोडून गेलं तर

युजर डिलीट करू नका, बंद करा. जुन्या नोंदी कुणी केल्या हे त्यामुळे शाबूत राहतं. त्याच्या नावावरची मंजुरीची कामं दुसऱ्याकडे वळवा. त्याच्या ईमेलवर आपोआप जाणारे रिपोर्ट थांबवा, आणि त्याने इतर सॉफ्टवेअर जोडण्यासाठी बनवलेल्या एपीआय की (पासवर्डसारखे गुप्त संकेत) रद्द करा. लॉगिन बंद झालं म्हणजे त्या कीही बंद झाल्या असं गृहीत धरू नका, स्वतः तपासा.