दुसऱ्या राज्यातल्या डीलरला जुनी गाडी देऊन नवी घेताना सेल्स टॅक्स कसा मोजावा

न्यू जर्सीत राहणारी आपली कितीतरी मंडळी गाडी घ्यायला पेनसिल्व्हेनियात जातात, कारण हवा तो रंग आणि हवं ते मॉडेल तिथे मिळतं, किंवा डीलर दोन हजार डॉलर कमी सांगतो. भावावर घासाघीस दोन-दोन आठवडे चालते. टॅक्सचा आकडा मात्र सही करायच्या टेबलावर पहिल्यांदा दिसतो, आणि तोपर्यंत जुन्या गाडीची किल्ली डीलरच्या हातात गेलेली असते. हा क्रम उलटा करायला हवा. टॅक्सचं गणित घरी बसून, भाव ठरण्याआधीच करता येतं.

आधी स्वतःच्या राज्याचे नियम बघा

अमेरिकेत केंद्राचा सेल्स टॅक्स नाही, तो राज्यांचा विषय आहे. गाडीच्या बाबतीत शेवटी हिशोब होतो तो गाडी जिथे रजिस्टर होणार त्या राज्याच्या दराने. डीलरचं दुकान कुठे आहे याला फारसं महत्त्व नाही. दुकानात टॅक्स घेतला नाही, तर तुमचं राज्य रजिस्ट्रेशनच्या वेळी तेवढीच रक्कम 'यूज टॅक्स' म्हणून घेतं.

त्यामुळे 'ओरेगनमध्ये सेल्स टॅक्स नाही, तिथून गाडी आणू' हा सल्ला ऐकू नका. अलास्का, डेलावेअर, मॉन्टाना, न्यू हॅम्पशायर आणि ओरेगन या पाच राज्यांत राज्याचा सर्वसाधारण सेल्स टॅक्स नाही हे खरं आहे. पण तुम्ही राहता वॉशिंग्टन राज्यात आणि गाडी घेतलीत पोर्टलंडला, तर प्लेट्स घेताना वॉशिंग्टन आपला टॅक्स वसूल करतंच. मॅसॅच्युसेट्समधून न्यू हॅम्पशायरला जाणाऱ्यांचंही तेच. मॉन्टानात कागदावर कंपनी काढून तिच्या नावावर गाडी घ्यायची युक्ती कोणी सुचवली तर सरळ नाही म्हणा. राहायचं एकीकडे आणि रजिस्ट्रेशन दुसरीकडे, ही करचुकवेगिरी आहे. व्हिसावर राहणाऱ्याने तर त्या वाटेला जाऊच नये.

जुन्या गाडीची किंमत टॅक्समधून वजा होते का, ते शोधा

बहुतेकांचे पैसे जातात ते इथेच. बरीच राज्यं नव्या गाडीच्या किमतीतून ट्रेड-इनची, म्हणजे डीलरला दिलेल्या जुन्या गाडीची, रक्कम वजा करून उरलेल्या फरकावर टॅक्स लावतात. न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया, न्यू यॉर्क, मॅसॅच्युसेट्स, टेक्सास, फ्लोरिडा, जॉर्जिया ही त्यातली. कॅलिफोर्निया आणि व्हर्जिनिया मात्र पूर्ण किमतीवर टॅक्स घेतात, मग तुम्ही जुनी गाडी दिलीत काय किंवा नाही दिलीत काय. मिशिगनमध्ये वजावटीला कमाल मर्यादा आहे. ती दर जानेवारीत १,००० डॉलरने वाढते. २०२५ मध्ये ती ११,००० डॉलर होती. इलिनॉयने २०२० मध्ये १०,००० डॉलरची मर्यादा घातली होती, ती २०२२ पासून काढून टाकली. म्हणून या बाबतीत दोन-तीन वर्षांपूर्वी मित्राने सांगितलेल्या माहितीवर विसंबू नका. आपल्या राज्याच्या महसूल विभागाच्या किंवा डीएमव्हीच्या, म्हणजे वाहन नोंदणी खात्याच्या, वेबसाइटवर चालू नियम वाचा.

आता आकडे मांडू. नवी गाडी ४०,००० डॉलर, जुनीचे डीलर देतोय १५,०००. न्यू जर्सीचा दर ६.६२५ टक्के. फरक २५,०००, म्हणजे टॅक्स १,६५६.२५ डॉलर. ट्रेड-इन नसता तर पूर्ण ४०,००० वर २,६५० डॉलर भरावे लागले असते. म्हणजे जुनी गाडी त्याच डीलरला दिल्यामुळे ९९३.७५ डॉलर वाचले. हीच खरेदी व्हर्जिनियातल्या माणसाने केली तर तिथला दर ४.१५ टक्के, पण पूर्ण किमतीवर, म्हणून १,६६० डॉलर. दरात अडीच टक्क्यांचा फरक असून टॅक्स जवळजवळ तेवढाच! नुसता दर बघून कुठलं राज्य स्वस्त ते ठरवता येत नाही.

रोख विकायची की ट्रेड-इन करायची, हे आता ठरवा

जुन्या गाड्या रोखीने विकत घेणाऱ्या कंपन्या बरेचदा डीलरपेक्षा जास्त भाव देतात. समजा डीलर १५,००० म्हणतोय आणि रोखीवाला १५,८००. पहिल्या नजरेत आठशे डॉलर जास्त दिसतात. पण न्यू जर्सीवाल्याला ट्रेड-इनमध्ये टॅक्सची बचत धरून १५,९९३.७५ डॉलर पडतात, म्हणजे डीलरचाच भाव बरा. कॅलिफोर्निया किंवा व्हर्जिनियात ही बचतच नसल्यामुळे जो जास्त देईल त्याला गाडी द्यावी, तिथे ट्रेड-इनचा मोह धरण्यात अर्थ नाही.

रोखीने विकल्यावर टॅक्सची सवलत साधारणपणे जाते. मिसुरी याला अपवाद आहे. तिथे नव्या खरेदीच्या आधी किंवा नंतर १८० दिवसांच्या आत जुनी गाडी कोणालाही विकली तरी ती किंमत वजा करून मिळते. फक्त विक्रीचा कागद जपून ठेवावा लागतो.

जुन्या गाडीवर कर्ज बाकी असेल तर बँकेकडून लेखी 'पेऑफ' रक्कम, म्हणजे कर्ज पूर्ण फेडायला लागणारे पैसे, आणि ती कुठल्या तारखेपर्यंत चालेल ते मागवून घ्या. बहुतेक ठिकाणी टॅक्सची वजावट ट्रेड-इनच्या ठरलेल्या भावावर मिळते, कर्ज फेडून हातात उरलेल्या पैशांवर नाही. डीलर बोलताना ही दोन्ही एकत्र करून एकच आकडा सांगतो. तो तुम्ही वेगळा करून लिहून मागा. गाडी लीजवर असेल तर ती तुमच्या मालकीची नाही, त्यामुळे वजावट मिळेलच असं नाही. हा प्रश्न सही करण्याआधी विचारायचा.

नावं जुळतात का ते बघा

आपल्याकडे हे फार होतं: जुनी गाडी बायकोच्या नावावर, नवी नवऱ्याच्या. काही राज्यांत ट्रेड-इन देणारा आणि नवी घेणारा एकच असावा लागतो, नाहीतर वजावट नाकारली जाते. नव्या गाडीच्या टायटलवर, म्हणजे मालकीच्या कागदावर, दोघांची नावं घातली की बहुतेकदा प्रश्न मिटतो. जुन्या टायटलवर दोन नावं असतील तर त्यांच्यामध्ये 'आणि' आहे की 'किंवा' तेही बघा. 'आणि' असेल तर दोघांच्या सह्या लागतात, आणि दीडशे मैलांवरच्या डीलरकडे एकटंच गेलात तर परत फिरावं लागेल.

डीलरला फोन करून तीन गोष्टी विचारा

तुमच्या राज्याचा टॅक्स तुम्ही गोळा करता का? रजिस्ट्रेशनची कागदपत्रं तुम्हीच पाठवता का? ट्रेड-इन वजा करून टॅक्स किती दाखवाल? सीमेजवळचे डीलर शेजारच्या राज्याचा टॅक्स घेऊन टायटलचं कामही करून देतात. लांबचे बरेचदा तात्पुरती प्लेट देऊन मोकळे होतात आणि टॅक्स तुम्ही स्वतः भरायचा असतो. दोन्ही चालतं, पण नक्की काय होणार आहे हे आधी कळायला हवं. दुसऱ्या प्रकारात तेवढे पैसे बाजूला ठेवा.

डीलरने त्याच्याच राज्याचा टॅक्स घेतला असेल तर? बहुतेक राज्यं तो वळता करून घेतात. वरच्याच उदाहरणात पेनसिल्व्हेनियाचा ६ टक्के भरला असेल, तर न्यू जर्सी वरचा ०.६२५ टक्का, म्हणजे १५६.२५ डॉलर मागेल. त्यासाठी भरलेल्या टॅक्सचा स्पष्ट उल्लेख असलेला कागद लागतो. उलट, परराज्यात जास्त टॅक्स भरला गेला तर वरचे पैसे तुमचं राज्य देत नाही.

पुणे-बंगळुरू बदलीत रोड टॅक्स पुन्हा भरून जुन्या राज्याकडे परताव्यासाठी खेटे घातलेल्यांना ही वळतं करण्याची पद्धत खूपच सोपी वाटेल.

कॅलिफोर्नियावाल्यांनी इथे थांबून वाचा

नेवाडात गाडी घेतलीत तर तिथला डीलर ट्रेड-इन वजा करून हिशोब दाखवेल. कॅलिफोर्निया तो हिशोब मानत नाही. रजिस्टर करताना पूर्ण ४०,००० वर यूज टॅक्स लागतो. मूळ दर ७.२५ टक्के, स्थानिक धरून बऱ्याच गावांत ९ च्या वर. त्यात आधी भरलेल्या टॅक्सची तेवढी वजावट मिळते.

आणखी एक गोष्ट टॅक्सपेक्षाही महाग पडू शकते. कॅलिफोर्नियाच्या प्रदूषण नियमांत न बसणारी गाडी खरेदीच्या वेळी ७,५०० मैलांपेक्षा कमी चाललेली असेल, तर तिथल्या रहिवाशाला ती सहसा रजिस्टरच करून मिळत नाही. बॉनेटखालच्या स्टिकरवर कॅलिफोर्नियाचा उल्लेख आहे का, ते पैसे देण्याआधी पाहा किंवा डीलरकडून त्याचा फोटो मागवा.

बदली होणार असेल तर

नोकरी बदलून दुसऱ्या राज्यात जाणार असाल तर नवी गाडी कधी घ्यायची यावरही टॅक्स अवलंबून असतो. टेक्सासमध्ये नव्याने राहायला येणाऱ्याकडून, त्याच्याच नावावर दुसऱ्या राज्यात आधी रजिस्टर असलेल्या गाडीचे फक्त ९० डॉलर घेतात. कॅलिफोर्नियाचं धोरण कडक आहे: बाहेर घेतलेली गाडी १२ महिन्यांच्या आत राज्यात आणली, तर ती तिथे वापरण्यासाठीच घेतली होती असं धरलं जातं.

सही करताना आणि नंतर

'बायर्स ऑर्डर', म्हणजे खरेदीचा हिशोब असलेला सहीचा कागद, ओळ न् ओळ वाचा. गाडीची किंमत, ट्रेड-इनचा भाव, पेऑफ, डीलरची कागदपत्रांची फी आणि टॅक्स, सगळं वेगवेगळ्या ओळींत हवं. कुठल्या राज्याचा टॅक्स, तेही लिहून घ्या. कंपनीची सूट, म्हणजे रिबेट, बऱ्याच राज्यांत टॅक्स लावल्यानंतर वजा होते. डीलरने स्वतः कमी केलेली किंमत मात्र आधीच कमी धरली जाते. म्हणून दोन्ही सवलती एकाच ओळीत मांडू देऊ नका.

जुनी गाडी सोडण्याआधी काचेवरचा ई-झेडपास काढून घ्या, नाहीतर पुढच्या मालकाचा टोल तुमच्या खात्यातून जाईल. न्यू जर्सी, न्यू यॉर्कमध्ये प्लेट्सही काढून आणायच्या असतात. कॅलिफोर्नियात साध्या प्लेट्स गाडीबरोबर जातात. न्यू यॉर्कमध्ये प्लेट्स जमा केल्याशिवाय जुना विमा बंद करू नका.

तात्पुरती प्लेट संपायच्या आत पक्की आली नाही तर डीलरला फोन करून टॅक्स आणि कागद कधी पाठवले त्याची तारीख मागा. टॅक्स चुकून जास्त घेतला गेला असेल तर आधी डीलरकडे लेखी परतावा मागा. तो दाद देत नसेल तर ज्या राज्याच्या तिजोरीत पैसे गेले त्या राज्याच्या महसूल विभागाकडे अर्ज करता येतो. त्याला मुदत असते, आणि सही केलेली बायर्स ऑर्डर सोबत जोडावी लागते.